चालती यंत्रे फोडून निक्सी ट्यूब काढू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत निक्सी ट्यूबचे, म्हणजे आकडे उजळून दाखवणाऱ्या जुन्या काचेच्या नळ्यांचे, घड्याळ घरी कसे बनवावे यावर लेख आला होता. तरुण मुलेमुली सोल्डरिंग गन हातात घेऊन अशा कामाला बसतात हे वाचून मनापासून आनंद झाला. पण त्या लेखातले दोन शब्द चुकीचे आहेत आणि एक सल्ला तर घातक आहे. म्हणून हे पत्र.

मी १९७८ पासून ३३ वर्षे एका कॅलिब्रेशन प्रयोगशाळेत, म्हणजे मोजमापाची यंत्रे अचूक आहेत का हे तपासणाऱ्या जागी, तंत्रज्ञ होते. मी रुजू झाले तेव्हा बाजारात एलईडीचे आकडे आलेले होते, पण आमच्या टेबलावरचा फ्रिक्वेन्सी काउंटर, म्हणजे सेकंदाला किती कंपने होतात ते मोजणारे यंत्र, जुना होता, आठ निक्सी ट्यूबांचा. माझे पहिले स्वतंत्र काम त्याच्यावरच झाले. एक मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला दहा लाख कंपने देणारा, क्रिस्टल ऑसिलेटर दहा सेकंद मोजायचा, आकडा वहीत उतरवायचा, पुन्हा मोजायचा. क्रिस्टल अजून पुरता तापलेला नसला की काउंटरवर ०९९९९९९.९ दिसे. मग एका क्षणी आठही नळ्या एकदम पालटत आणि १००००००.० उभे राही. निक्सीत दहा आकडे एकामागे एक रचलेले असतात. त्यामुळे आकडा बदलला की तो जागाही बदलतो, एखादा पुढे येतो, एखादा मागे सरकतो. आठ नळ्यांत ते एकाच वेळी व्हायचे. पुढे कितीतरी चांगले काउंटर हाताळले, पण मोजमाप झाले असे डोळ्यांना इतके स्पष्ट कशानेच सांगितले नाही.

लेखात या नळ्यांना ‘बल्ब’ म्हटले आहे आणि आत तार तापून आकडा उजळतो असे लिहिले आहे. तसे नाही. निक्सीत काहीच तापवलेले नसते. काचेच्या नळीत कमी दाबाचा निऑन असतो, पातळ धातूचे दहा आकडे असतात, प्रत्येकाची पिन वेगळी, आणि सगळ्यांपुढे एक बारीक जाळी. जाळी धन बाजूला, आणि हवा तो आकडा ऋण बाजूला जोडला की त्या आकड्याला लगटून असलेला निऑन नारिंगी चमकतो. धातू काळाच राहतो, प्रकाश त्याच्या अंगावरच्या वायूचा. म्हणून तो आकडा कडांना मऊ दिसतो आणि अंधारात डोळ्यांना खुपत नाही. तापणाऱ्या तारेचे आकडे न्यूमिट्रॉन नावाच्या नळीत असतात. तिची जात निराळी.

आता सल्ल्याकडे येते. ‘जुनी मोजमापाची यंत्रे मिळवा, उघडा आणि नळ्या काढून घ्या, बाकीचे भंगारात द्या,’ असे लेखकाने सरळ लिहिले आहे. संपादक महोदय, हे करू नये. मी निवृत्त झाल्यावर एका हौशी मुलाने मोठ्या उत्साहाने त्याचे घड्याळ दाखवायला मला बोलावले. घड्याळ सुबक होते. शेजारी खोक्यात ज्यातून नळ्या काढल्या तो काउंटर पडला होता, आमच्यासारखाच आठ नळ्यांचा. घड्याळाला सहा लागल्या. सातवी उपटताना काच तडकून वायू निघून गेला, आठवी तशीच उरली. मी आत पाहिले. क्रिस्टलची ओव्हन, म्हणजे त्याचे तापमान कायम राखणारी डबी, शाबूत होती. मोजणीच्या सर्किटच्या पाट्याही शाबूत, फक्त पुढच्या वायरी कापलेल्या. मी विचारले, काढण्याआधी चालू करून पाहिला होतास का? तो म्हणाला, हो, चालत होता. मी त्याला रागावले नाही. त्याला कोणी सांगितलेच नव्हते. पण त्या खोक्याकडे बघून पोटात कालवाकालव झाली.

नळी एकटी सुंदर असते हे मी मान्य करते. पण ती कशासाठी जन्माला आली हे तिच्या यंत्रातच कळते. निक्सी येण्याआधी अशा काउंटरवर प्रत्येक स्थानासाठी दहा दिव्यांचा उभा खांब असे, आणि कोणता दिवा पेटला हे खांबाखांबाने वाचत जावे लागे. १९५५ मध्ये बरोज कंपनीने निक्सी बाजारात आणली आणि आकडा आकड्यासारखा, एका ओळीत दिसू लागला. १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये अनिता नावाचे टेबलावरचे इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र आले, त्याची उत्तरेही अशाच नळ्यांवर दिसत.

आणि जपले तर काय होते याचेही उदाहरण आहे. इंग्लंडमधल्या हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रात १९५१ मध्ये एक संगणक सुरू झाला. त्यात ८२८ डेकाट्रॉन होते. डेकाट्रॉन म्हणजे वायूचीच नळी, पण आकडा दाखवण्याऐवजी ठिपका वर्तुळात फिरवून मोजणारी. तो संगणक पुढे एका महाविद्यालयात शिकवण्यासाठी वापरला गेला, १९७३ मध्ये निवृत्त झाला, संग्रहालयात राहिला, मग गोदामात गेला. शेवटी ब्लेचली पार्कमधल्या संगणक संग्रहालयात स्वयंसेवकांनी तो दुरुस्त केला आणि २०१२ मध्ये तो पुन्हा मोजू लागला. त्या गोदामात कोणी ‘सुंदर नळ्या’ म्हणून ते डेकाट्रॉन काढून नेले असते तर?

घड्याळासाठी दुसरे मार्ग आहेत. सोव्हिएत काळात बनलेल्या आयएन-१२, आयएन-१४ यांसारख्या, कधीच न वापरलेल्या नळ्या आजही हौशी लोकांना मिळतात. चेक प्रजासत्ताकात दालिबोर फार्नी यांनी तर ही कला नव्याने शिकून काच फुंकण्यापासून नव्या निक्सी घडवल्या आहेत. यंत्र खरोखरच मेलेले असेल, दुरुस्तीला काही उरलेच नसेल, तर जरूर नळ्या वाचवाव्यात. पण आधी खात्री करावी. वर्षानुवर्षे पडून असलेले यंत्र एकदम पूर्ण विद्युतदाबावर लावू नये, कारण जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) फुटतात. व्हेरिअकने, म्हणजे विद्युतदाब कमीजास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने, तो हळूहळू चढवावा, आतला वास आणि आवाज यांकडे लक्ष ठेवावे.

दुसरा चुकीचा शब्द ‘निर्धोक’. घड्याळ पाच किंवा बारा व्होल्टच्या अडॅप्टरवर चालते म्हणून मुलांना ‘निर्धोक’ आहे, असे लिहिले आहे. बाहेर बारा असतील, पण निक्सी पेटवायला साधारण १७० ते १८० व्होल्ट लागतात आणि ते त्या पाटीवरच तयार होतात. माझ्या पुतण्याने असे घड्याळ केले. अडॅप्टर काढला, मिनिटभराने पाटी उचलली आणि कपॅसिटरमध्ये राहिलेल्या विजेचा झटका बसला. हात मागे झटकला तो टेबलाच्या लोखंडी कडेवर, आणि मनगट आठवडाभर सुजले होते. ‘आत्या, मी तर बंद केलं होतं,’ एवढेच तो म्हणत राहिला. आम्ही दोघांनी त्या कपॅसिटरला समांतर ४७० किलोओहमचा रेझिस्टर (विजेच्या प्रवाहाला अडवणारा भाग) लावला, म्हणजे साठलेली वीज आपोआप उतरते. १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर त्यातून साधारण ११ सेकंदांत दहाव्या हिश्श्यावर येतो. मीटरने पाहिल्याशिवाय हात लावायचा नाही, चालू पाटीवर काम करताना दुसरा हात पाठीमागे, आणि उघड्या पाटीवर झाकण, हे तीन नियम मी त्याला कागदावर लिहून दिले.

प्रत्येक नळीच्या जाळीला स्वतःचा रेझिस्टर लागतो, हेही लेखात नाही. निक्सी पेटली की तिच्यावर १४० व्होल्टच्या आसपास दाब राहतो. पुरवठा १८० असेल तर उरलेले ४० व्होल्ट रेझिस्टरने घ्यायचे. प्रवाह २.५ मिलीअँपिअर हवा असेल तर हिशेब १६ किलोओहम येतो. नळीच्या माहितीपत्रकातले आकडे घालून हा हिशेब स्वतः करावा. रेझिस्टर नसेल तर प्रवाह वाढत जातो आणि नळी जाते.

घड्याळातली नळी आणखी एका कारणाने मरते. तासाच्या दशकस्थानी फक्त ०, १ आणि २ पेटतात. पेटलेल्या आकड्यांवरून उडालेला धातू न वापरलेल्या सात आकड्यांवर बसत जातो आणि कधी ते पेटवले तर तुकड्यातुकड्यांत उजळतात. पुतण्याच्या घड्याळात आता रोज पहाटे सगळ्या नळ्या शून्य ते नऊ फिरतात. एकदा तो घाबरून माझ्याकडे आला, की त्याच्या आयएन-१२ मधला ५ बिघडला, उलटा दिसतो. मी त्याला दाखवले की कारखान्यात २ चाच पत्रा उलटा बसवून त्याचा ५ केलेला आहे. त्यानंतर तो जुन्या यंत्रांच्या आत बघायला माझ्याकडे येऊ लागला. सध्या आम्ही मिळून एक निक्सीचा व्होल्टमीटर दुरुस्त करतो आहोत. त्याच्या सहापैकी पाच नळ्या पेटतात, सहावीच्या बेसमधली एक पिन गंजली आहे.

माझी विनंती एवढीच, की पुढच्या अंकात ‘बल्ब’ आणि ‘निर्धोक’ या दोन शब्दांची दुरुस्ती छापावी. आणि ज्या वाचकांनी तो लेख वाचून एखादे यंत्र आणून ठेवले असेल, त्यांनी कात्री लावण्याआधी ते चालते का हे एखाद्या जाणत्याकडून तपासून घ्यावे, असेही त्याच चौकटीत लिहावे.

आपली,
एक निवृत्त कॅलिब्रेशन तंत्रज्ञ