शिडी माझ्याकडे आहे

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, शिडी शोधू नका. ती मी गाडीच्या टपावर बांधून आणली आहे. पडवीतून उचलली तेव्हा तुम्ही झोपला होतात. उठवून सांगायचा धीर झाला नाही, म्हणून हे पत्र. रागवा, पण आधी पूर्ण वाचा.

पाऊस संपला की तुम्हाला पन्हळ दिसते, आणि पन्हळ दिसली की तुम्ही वर चढता. ती साफ व्हायलाच हवी, हे मला मान्य आहे. चार महिने भिजलेली पानं कुजून तळाशी चिखल होतो, तोंड बुजतं आणि पाणी भिंतीत मुरतं. पण या दिवसांत अंगणातली माती फसवी असते. वरचा थर उन्हाने तडकतो, खाली बोटभर खोलीवर ती ओलीच राहते. शिडीचा एक पाय रुततो, दुसरा रुतत नाही. चार फूट उंचीला एक फूट अंतर हा तुमचा नियम बरोबर आहे, पण शिडी आडवी कलली तर तो कामाला येत नाही. त्यात तुमची रक्त पातळ ठेवणारी गोळी. एरवी टेंगूळ येऊन भागेल असा मारसुद्धा त्या गोळीमुळे डोक्यात आतल्या आत रक्तस्राव करू शकतो. काकांच्या वेळचं मी काही लिहीत नाही, तुम्हाला आठवतंच आहे.

तुमच्याने होत नाही असं मी म्हणत नाही, बाबा. मागच्या वर्षी तुम्ही केलंत तितकं स्वच्छ कोणी करणार नाही. रविवारी सकाळी पन्हळ साफ करणारा मुलगा येईल, स्वतःची शिडी घेऊन. त्याचे पैसे दिले आहेत. तुम्ही खाली खुर्चीवर बसून त्याच्याकडून नीट करून घ्या. काढलेला चिखल फेकू देऊ नका, खतखड्ड्यात घाला.

विहिरीचं काम मात्र तुमचंच, ते दुसऱ्या कोणावर सोडू नका. पावसाचं गढूळ पाणी आत उतरलेलं आहे. मी मोजलं तेव्हा पाणी 4 मीटर खोल होतं, गोल विहिरीचा व्यास 3 मीटर. म्हणजे साधारण 28,000 लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम धरून 70 ग्रॅम ब्लीचिंग पावडर लागेल. अंदाजाने मूठ टाकू नका, आईच्या स्वयंपाकघरातला काटाही वापरू नका, वेगळा काटा पाठवला आहे. बादलीत आधी थोड्या पाण्यात पावडर कालवून लगदा करा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा आणि दहा मिनिटं तशीच ठेवा. चुना तळाशी बसेल. वरची निवळ दुसऱ्या बादलीत ओता. ती बादली दोराने पाण्याखाली सोडून जोरजोरात वरखाली हलवा, म्हणजे औषध सगळीकडे पोचेल. तळाचा चुना विहिरीत टाकू नका, पाणी जड होतं. निदान एक तास पाणी काढायचं नाही. रात्री जेवणं झाल्यावर केलंत तर सकाळपर्यंत चिंताच नाही. गेल्या वर्षीचा उघडा पुडा वापरू नका, उघडी पावडर हळूहळू निकामी होते.

आई, आता तू. मागच्या पायऱ्यांवरचं शेवाळ उन्हाने वाळून काळं झालंय, ते गेलं असं समजू नकोस. पहाटे दव पडलं की त्याचा पुन्हा बुळबुळीत थर होतो, आणि तू नेमकी त्याच वेळी उतरतेस. ओलं असतानाच तारेच्या ब्रशने खरवडून घे, म्हणजे तुझ्या कामवाल्या बाईंकडून करवून घे, तू वाकू नकोस. ब्लीचिंग पावडर लावली तर त्यावर न्हाणीघर धुवायचं ॲसिड पडू देऊ नका. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू सुटतो.

सरपण काढताना आधी काठीने रास हलव, मग वरची लाकडं घे. खालून ओढू नकोस. गवत कंबरेपर्यंत वाढलंय, ते कापून होईपर्यंत बूट घातल्याशिवाय मागे जायचं नाही. गवतात गेल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर अंगावर काळी खपली दिसते का बघ, काखेत, कमरेशी. दिसली तर डॉक्टरांना ती मुद्दाम दाखव, त्यावरून त्यांना स्क्रब टायफस, म्हणजे गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने येणारा ताप, लगेच ओळखता येतो. खपली नसली तरी ताप अंगावर काढायचा नाही.

रजया उन्हात टाकल्यास का? तुझ्या जुन्या साडीचं अस्तर असलेली मला अजून हवी आहे. तिच्यात तोंड खुपसलं की उन्हाचा आणि तुझा वास एकत्र यायचा. ती धुवायला देऊ नकोस.

थंडी वाढली की खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून दार लावायचं नाही. निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. गरम पाण्याच्या पिशव्या दोन पाठवल्या आहेत, बूच घट्ट बसतंय ते बघून घ्या. कमोडशेजारचा दांडा आणि रात्रीचा दिवा मी लावून आले आहे. दिवा बंद करू नका, वीज अगदी नगण्य लागते.

बाबा, रक्तदाब. थंडीत तो चढतो, म्हणून आतापासून रोजची नोंद हवी. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी. चहानंतर अर्धा तास थांबा, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीवर. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही आकडे लिहा. चांगला आला म्हणून गोळी सोडायची नाही. फ्लूची लस घेतली की तिचा परिणाम व्हायला दोनेक आठवडे लागतात, तेव्हा डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा. संध्याकाळचा फेरा अर्धा तास आधी घ्या, आता लवकर काळोख पडतो.

तुम्ही तिथेच राहायचं ठरवलंत, आणि मी ते मान्य केलं आहे. पुन्हा तो विषय काढणार नाही. म्हणूनच एवढं लिहिलं.

रविवारी रात्री फोन करते. वही जवळ ठेवा.

तुमची,
छोटी

ता. क. बाबा, गोठ्यामागची बांबूची शिडीही मीच आणली आहे. तिची दुसरी पायरी सुटली होती.