वीट पडली, पॉलिसी गप्प

संपादक महोदय,

यंदाच्या उत्तरायणात आमच्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्याच्या गच्चीवर नातवंडं पतंग उडवत होती. 'काप्यो छे'च्या आरोळीत कुणाचा तरी पाय कठड्याला लागला आणि एक सुटी वीट थेट खाली गेली. भाजीच्या लारीवाल्याचं खांद्याचं हाड मोडलं. दवाखान्याचे ६२ हजार आणि दीड महिन्याची त्याची बुडालेली कमाई मी दिली. द्यायलाच हवी होती.

माझी घराची 'भारत गृह रक्षा' पॉलिसी आहे. एजंट म्हणाला, "काका, तुमची भिंत पडली तर बघू. तुमची भिंत दुसऱ्याच्या अंगावर पडली तर ती यात नाही." त्यासाठी दायित्वाचं वेगळं कव्हर मागून घ्यावं लागतं. चार वर्षं हप्ता भरतोय, हे सांगावंसं त्याला आजच वाटलं!

गाडीला १९८८च्या कायद्यानं थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. घराला तसं काही नाही. न्यू जर्सीतली माझी लेक तर 'अंब्रेला' पॉलिसी बाळगते. गाडीच्या आणि घराच्या विम्यातली दायित्वाची मर्यादा संपली की ती पुढे लागू होते; अशी पॉलिसी साधारण किमान दहा लाख डॉलरची असते. स्वतःच्या नुकसानीला मात्र तिचा उपयोग नाही.

आपल्याकडे निदान अर्जावर एक ठळक प्रश्न तरी छापा: 'तुमच्या घरामुळे दुसऱ्याला इजा झाली तर?'

कठडा बांधून घेतलाय. लारीवाला मात्र अजून समोरच्या बाजूनंच जातो.

— एक निवृत्त वाचक, बडोदे