काका, गाडीचा वास गेला का?

काका, सा. न.

फोनवर आभार मानायला घेतले की तुम्ही "अगं, असू दे" म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. आता बदला विषय.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. माझी आई पालघरजवळच्या सातपाटीची, कोळ्यांच्या गावची. सगळी हयात वलांड्यांखाली, म्हणजे बोंबील वाळत टाकायच्या बांबू-दोरीच्या मांडवांखाली गेली. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकायची, हे काम ती डोळे मिटून करते. मे महिन्यात ती माझ्याकडे इंग्लंडात न्यूकॅसलला आली ती बोंबील नि सुकटीचा डबा घेऊनच. आणि मी काय केलं? एकदा शेजाऱ्यांनी वासावरून तक्रार केली होती, त्या धास्तीने डबा तीन पिशव्यांत गुंडाळून वरच्या कपाटात टाकला. आई काही बोलली नाही. नुसती खिडकीपाशी बसून राहायला लागली.

हे मी काकूंना सहज, हसतहसत सांगितलं होतं. पुढच्याच शनिवारी तुम्ही दारात. "ताई, चला, मासे बघायला." सांगलीकडचा, जन्मात मासा न चाखलेला माणूस!

समुद्रकाठचं क्रास्टर तासाभरावर. गाव केवढंसं, पण वास गाडीतून उतरायच्या आधीच आला. तुम्ही नाकाला रुमाल लावला, आईने मान वर केली. दगडी इमारतीच्या छपरातल्या फटींमधून धूर निघत होता. हेरिंग माशाला धुरी देऊन किपर करायचं 1856 चं धुरीघर, रॉबसन कुटुंबाची चौथी पिढी चालवते. दुकानाबाहेर रांग लागलेली, आणि त्या वासाने कुणाचंही नाक मुरडलेलं नव्हतं. एक तुमचं सोडून.

बंदराच्या कठड्यावर बसलेल्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांशी बोलणं तुम्हीच काढलंत. त्यांचं इंग्रजी मला अर्धंच कळत होतं. तुम्ही मात्र इथल्या दवाखान्यांत तीस वर्षं काढलेली. त्यांचं बोलणं मराठीत, आईचे प्रश्न इंग्रजीत, तासभर नुसते दुभाषे झालात. मासा पाठीकडून चिरून उघडायचा, पोटाकडून नाही. मिठाच्या पाण्यातून काढायचा, आकड्यांना टांगायचा, आणि खाली जमिनीवर लाकडाच्या ढलप्या नि ओकचा भुसा धुमसत ठेवायचा, कधीकधी सोळा तासांपर्यंत. जाळ होऊ द्यायचा नाही, नुसता धूर. आत भिंतींवर इतक्या वर्षांची काजळी डांबरासारखी बसलेली.

आईने विचारलं, "उन्हात का नाही घालत?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच म्हणाली, "तेलाचा मासा दिसतो. उन्हात घातला तर खवट होईल. आणि ऊन आहे कुठे इथे?" तुम्ही ते सांगितल्यावर गृहस्थ मोठ्याने हसले आणि आईशी हात मिळवला. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीचा थोरला भाऊ, अंगभर तेल. बोंबलात पाणीच जास्त, तेल नावाला, म्हणून तो वाऱ्या-उन्हावर वाळतो. मी सातपाटीत वाढले, पण हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं, हे खरं.

मग बायकांचा विषय निघाला. पूर्वी माशांच्या थव्यामागून शेटलंडपासून पार यार्मथपर्यंत किनाऱ्याने सरकत जाणाऱ्या हेरिंगवाल्या पोरी. तिघींची टोळी: दोघी साफ करणार, एक पिंपात मीठ घालून थर लावणार. सुरी लागू नये, लागली तर मीठ चरचरू नये म्हणून बोटांना चिंध्या बांधायच्या. तुम्ही "चिंध्या" म्हणालात आणि आईने आपली बोटं पुढे केली. तर्जनीवरचा तो जुना व्रण मी लहानपणापासून बघत आले आहे. गृहस्थांनी तो नीट बघितला. तेव्हा तुम्ही भाषांतर थांबवलंत. तेही बरं केलंत.

त्या बंदरात आता हेरिंग उतरत नाही. 1977 मध्ये उत्तर समुद्रात हेरिंग पकडायलाच बंदी आली होती, इतका उपसा झाला होता. धुरीघर टिकलं ते बाहेरून मासा आणून. आई हे ऐकून बराच वेळ गप्प होती. आमच्या पापलेटचं काय चाललंय ते तिला माहीत आहे.

किपर म्हणे 1843 मध्ये जवळच्याच सीहाउसेसमध्ये जॉन वुजर नावाच्या माणसाच्या हातून चुकून तयार झाला. रात्री मासे शेगडीच्या धुरात राहून गेले, अशी गोष्ट सांगतात. आईचं मत: "बाईनेच केलं असणार, नाव गड्याचं लागलं." हे तुम्ही भाषांतर केलं की नाही, मला अजून शंका आहे.

येताना चार जोड्या किपर तुमच्या गाडीत. खिडक्या उघड्या, बाहेर पाऊस, आणि तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. काकू सांगत होत्या, पंधरा दिवस गाडीत लिंबं कापून ठेवत होतात.

घरी आईने किपर कोरड्या तव्यावर टाकला, तांदळाच्या भाकरीबरोबर खाल्ला आणि निकाल दिला: चव चांगली, मीठ कमी, टिकणार नाही. बरोबरच होतं, पाकिटावर फ्रिजमध्ये ठेवा असंच लिहिलं होतं. मग तिने स्टूल ओढलं, वरच्या कपाटातून डबा काढला, तिन्ही पिशव्या सोडवल्या आणि बोंबील भाजले. मी खिडकी लावायला उठले नाही.

आई गेल्या आठवड्यात परत गेली. जाताना तुमच्यासाठी पोह्याचे पापड ठेवून गेली आहे. शनिवारी आणून देते. ते सुकटीच्या डब्याशेजारी ठेवले नव्हते, याची मी स्वतः वास घेऊन खात्री केली आहे.

तुमची,
सातपाटीची पोर