शिक्का कुलपात होता

मा. संपादक,
सादर नमस्कार.

कालच्या अंकातील ‘मराठवाड्याची संशोधन-उदासीनता’ हे स्फुट वाचले. आपल्या भागातून दिल्लीच्या निधीसंस्थांकडे संशोधन प्रकल्पांचे प्रस्तावच फार थोडे जातात, हे त्यातील निरीक्षण खरे आहे आणि त्याबद्दल माझा वाद नाही. याचे कारण प्राध्यापकांची ‘मानसिकता’ आहे, असे मात्र आपण एका वाक्यात ठरवून मोकळे झाला आहात. ही मानसिकता कोणत्या मजल्यावरच्या कोणत्या टेबलावर घडते, हे पाहायला आपला प्रतिनिधी एखाद्या विद्यापीठाच्या प्रशासकीय इमारतीत दुपारी तीननंतर गेला असता, तर ते स्फुट कदाचित वेगळे झाले असते.

गेल्या वर्षी गोदाकाठच्या उथळ विहिरींमधील नायट्रेटवर मी एक प्रस्ताव तयार केला. विषयाची मांडणी, नमुने घेण्याची पद्धत आणि संदर्भ लिहायला तीन आठवडे लागले. पुढचे पाच आठवडे ज्यात गेले त्याला संशोधन म्हणावे की हेलपाटे, हे आपणच ठरवावे. संस्थेचे संमतीपत्र लेटरहेडवर हवे, त्याखाली कुलसचिवांची सही व गोल शिक्का हवा, आणि त्यासाठीची टिप्पणी विभागप्रमुख, अधिष्ठाता, संशोधन विभाग व वित्त विभाग असा प्रवास करून मगच त्यांच्यासमोर यायला हवी. आमच्याकडे संशोधन विभाग म्हणजे एक वरिष्ठ लिपिक. पीएच.डी. नोंदणीचे कामही त्यांच्याकडेच आहे आणि परीक्षांच्या हंगामात त्यांना तिकडे बसवले जाते. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या शेजारच्या दोन खुर्च्या मी येथे रुजू झालो तेव्हापासून रिकाम्या आहेत.

वित्त विभागाने माझे अंदाजपत्रक परत पाठवले. 28 लाखांच्या आयन क्रोमॅटोग्राफवर (पाण्यातील नायट्रेट मोजणारे उपकरण) मी 18 टक्के जीएसटी धरला होता आणि त्यांच्याकडील नमुन्यात 5 टक्के होता. संशोधन उपकरणांवरची ती सवलत 18 जुलै 2022 पासून बंद झाली, हे मला पुरवठादाराच्या विक्री प्रतिनिधीने दरपत्रक देताना सांगितले होते, ते मी वित्त विभागाला सांगितले, म्हणजे रसायनशास्त्राच्या मास्तराने लेखाशाखेला कर शिकवला. त्यांचे ऐकून 5 टक्के धरले असते, तर प्रकल्प मंजूर झाल्यावर 3 लाख 64 हजार रुपये कमी पडले असते आणि ते कोठून आणायचे, याचे उत्तर कोणत्याच नमुन्यात नव्हते. या शंकानिरसनात नऊ दिवस गेले.

प्रस्तावाची मुदत होती 17 सप्टेंबर, सायंकाळी पाच. ही तारीख मराठवाड्यात काय आहे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको; दिल्लीच्या पोर्टलला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. टिप्पणी 16 तारखेला कार्यालय बंद होता होता कुलसचिवांकडे पोहोचली आणि त्यांनी तत्काळ सही केली, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. शिक्का मात्र संबंधित लिपिकाच्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप, आणि किल्ली खिशात घालून ते गृहस्थ जोडून सुट्टी आहे म्हणून गावी गेलेले. दुसऱ्या दिवशी ध्वजवंदन झाल्यावर चहाच्या टेबलापाशी मी कुलसचिवांना गाठले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून समजूत काढली, “सही तर झाली ना सर? शिक्का उद्या मारून घ्या.” 1948 साली याच दिवशी आपला प्रदेश निजामाच्या राजवटीतून सुटला, मला एका ड्रॉवरमधून सुटता आले नाही.

शेवटी विद्यापीठाच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो, कारण त्या दिवशी उघडे असलेले तेवढेच एक कार्यालय होते. तिथल्या मुलाने सर्व कागद स्कॅन केले, पोर्टलवर चढत नसलेली पीडीएफ लहान करून दिली आणि संमतीपत्राचा चालू नमुना हाच आहे ना, हेही स्वतःच्या संगणकावरील जुन्या फाइलींशी ताडून पाहिले. सगळे सर याच्याकडेच येत असल्याने सर्वांचे नमुने त्याच्याकडे जपून ठेवलेले आहेत. आमचा खरा संशोधन कक्ष तोच, आणि तो पानाला दोन रुपये घेतो. चार वाजून चाळीस मिनिटांनी शिक्क्याविना प्रस्ताव दाखल झाला. दीड महिन्याने एका ओळीचा ईमेल आला: संमतीपत्र अपूर्ण असल्याने प्रस्ताव विचारात घेतलेला नाही. नायट्रेटबद्दल बरे-वाईट एक अक्षर नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 मध्ये संशोधन मंडळाची तरतूद आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये संशोधन व विकास कक्षाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यानुसार आमच्याकडेही कक्ष स्थापन झाला असून त्याची पाटी लागली आहे आणि सदस्यांची यादी संकेतस्थळावर आहे. सदस्य सगळे प्राध्यापक, म्हणजे जे हेलपाटे घालतात तेच. आयआयटी मुंबईत आयआरसीसी या नावाने प्रकल्पांच्या अशा प्रशासकीय कामासाठी स्वतंत्र केंद्र आहे. तेवढे आम्ही मागत नाही. अंदाजपत्रक तपासणारा, जीईएम (सरकारी खरेदीचे पोर्टल) आणि पीएफएमएस (सरकारी निधीच्या हिशेबाची प्रणाली) कळणारा, मुदतीच्या दिवशी शिक्क्यासह जागेवर असणारा एक पूर्णवेळ माणूस पुरे. मंजूर प्रकल्पांबरोबर संस्थेला ओव्हरहेड म्हणून, म्हणजे वरखर्चापोटी, जी रक्कम मिळते, तिच्यातून त्याचा पगार निघू शकेल. ती रक्कम सध्या कशावर खर्च होते, हे मी दोनदा लेखी विचारले आहे. प्रकल्प मंजूर झालेल्या सहकाऱ्यांचे तर आणखी वेगळे हाल आहेत. निधी कसा खर्च झाला हे दाखवणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्रासाठी लेखाशाखेच्या दारात उभे राहणारे एक वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आता पुन्हा प्रस्ताव पाठवणार नाही म्हणतात. तीही आपल्या लेखी उदासीनताच असणार.

जाता जाता एक. उदासीनतेचे स्फुट ज्या अंकात आले, त्याच अंकाच्या चौथ्या पानावर ‘संशोधन प्रस्ताव कसा लिहावा’ या कार्यशाळेचे तीन स्तंभी छायाचित्र आहे, त्यात दीपप्रज्वलन करणाऱ्या नऊ मान्यवरांची नावे पदांसह आहेत. अशा चार कार्यशाळांची प्रमाणपत्रे माझ्याकडे आहेत. त्या चारही प्रमाणपत्रांवर शिक्का अगदी ठळक आणि वेळेवर उमटलेला आहे.

त्याच विषयाचा सुधारित प्रस्ताव यंदा पुन्हा तयार आहे. टिप्पणी गेल्या मंगळवारपासून अधिष्ठात्यांच्या टेबलावर आहे.

आपला,
एक सहयोगी प्राध्यापक, मराठवाडा

(कृपया नाव छापू नये. माझे प्रवासभत्त्याचे देयकही त्याच कार्यालयात आहे.)