ते दोन अग्रलेख पुन्हा छापा

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

१ ऑगस्टला लोकमान्यांची पुण्यतिथी. गेल्या वर्षी त्या दिवशी नातीच्या शाळेत गेलो होतो. सहा मुले भाषणाला उभी राहिली आणि सहाही जणांनी शेंगांच्या टरफलांचीच गोष्ट सांगितली. घरी येताना नात म्हणाली, "आजोबा, मोठेपणी ते काय काम करायचे?" हा प्रश्न तेव्हापासून मनातून जात नाही.

मी गिरगावातल्या एका छापखान्यात एकतीस वर्षे छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवले. माझ्या लेखी टिळक आधी संपादक. गणित आणि संस्कृत शिकवणारा, नक्षत्रांवरून वेदांचा काळ शोधणारा हा विद्वान शिशाच्या खिळ्यांतही लक्ष घालत होता. देवनागरीत 'द्ध'चा खिळा वेगळा, 'क्त'चा वेगळा, 'ह्म'चा वेगळा. जुळाऱ्याचा निम्मा जीव केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीत, हात फिरवण्यातच जायचा. खिळ्यांची ही संख्या कमी व्हावी म्हणून त्यांनी खटपट केली, हे मला आमच्या फोरमनने पहिल्याच आठवड्यात सांगितले होते.

आता मुख्य मुद्दा. २४ जून १९०८ रोजी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात त्यांना पकडले, ते दोन अग्रलेखांसाठी. 'देशाचे दुर्दैव' १२ मेच्या 'केसरी'तला, 'हे उपाय टिकाऊ नाहीत' ९ जूनचा. बिहारमधल्या मुझफ्फरपूरला क्रांतिकारकांनी टाकलेल्या बॉम्बनंतर सरकारने दडपशाहीचे कायदे आणले होते. बॉम्ब येणे हे देशाचे दुर्दैवच, पण दडपशाहीने तो थांबणार नाही, लोकांना हक्क द्या, असे ते सांगत होते. खटला मुंबई हायकोर्टात चालला. लेख मराठी, पण कोर्टापुढे होते त्यांचे सरकारी इंग्रजी भाषांतर. ज्यूरीत बहुसंख्य युरोपियन. टिळकांनी स्वतःच बाजू मांडली, एकवीस तासांहून अधिक बोलले. अमुक शब्दाचा अर्थ असा होत नाही, तमुक शब्दाला असा वास नाही, हे त्यांना परक्या भाषेत पटवून द्यावे लागले. सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरले. २२ जुलैच्या रात्री न्या. दावर यांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली. दुसऱ्या दिवशी त्यांचा बावन्नावा वाढदिवस होता. गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस म्हणून सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. ब्रह्मदेशातल्या मंडालेच्या तुरुंगात त्यांनी 'गीतारहस्य' पेन्सिलीने लिहून काढले, ही त्यापुढची गोष्ट.

ज्या मजकुरापायी आपल्याच शहरात एका मराठी संपादकाला सहा वर्षे झाली, तो मजकूर मराठी मुलांनी वाचलेला नाही. माझ्या शेजारच्या चार पदवीधरांना विचारून पाहिले, त्यांनाही दोन्ही मथळे सांगता आले नाहीत. याची मला खरोखर टोचणी लागते.

म्हणून विनंती अशी की येत्या १ ऑगस्टच्या अंकात हे दोन्ही अग्रलेख संपूर्ण छापावेत. सारांश नको, उतारेही नकोत. जुने शब्द आहेत तसेच ठेवा, अवघड वाटतील त्यांचे अर्थ तळटीपेत द्या. टाइप जरा मोठा घ्या, म्हणजे नातीला वर्गात उभे राहून वाचता येईल. प्रुफे तपासायला माणूस हवा असेल तर मी विनामोबदला येईन, चष्मा लावून अजून दिसते.

कळावे,
एक निवृत्त जुळारी, गिरगाव, मुंबई