‘सर्व्हरवर लोड’ की फोल्डरची परवानगी?

संपादक महोदय,
प्रवेशाचे दिवस आले की नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या भावाच्या दुकानात ऑनलाइन अर्ज भरायला पोरांची गर्दी होते. यंदा एका पोर्टलवर अर्ज पूर्ण भरला जायचा, फीसुद्धा कापली जायची, आणि नॉन-क्रिमीलेअर जोडायची वेळ आली की लाल अक्षरात यायचे : ‘फाइल अपलोड झाली नाही, इंटरनेट तपासा.’ “दादा, अपलोडच होऊन नाही राहिलं,” म्हणत पोरे पुन्हा स्कॅन काढायला सांगायची. भावाने पीडीएफ इतकी दाबली की दाखल्यावरचा शिक्का वाचता येईना. हेल्पलाइनचे उत्तर ठरलेले : सर्व्हरवर लोड आहे.

वेबसाइट सर्व्हरवर चढवणे हाच माझा धंदा आहे. लोड असता तर पानेही रखडली असती. इथे बाकी सगळे झटपट चालत होते. आकाराचीही भानगड नव्हती. पोर्टल ज्या भाषेत लिहितात त्या पीएचपीची मूळ मर्यादा २ एमबी, एनजिनेक्स या वेबसर्व्हरची (पाने पुरवणाऱ्या प्रोग्रामची) १ एमबी. आमच्या फाइली त्याच्या पासंगालाही पुरत नव्हत्या. अशा वेळी आमच्यातला कोणीही आधी फोल्डरची परवानगी बघतो.

लिनक्स या सर्व्हरवरच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर प्रत्येक फोल्डरला मालक असतो. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, आत शिरण्याचा १, अशी बेरीज करून मालक, गट आणि इतर यांचे तीन आकडे ठरतात. ७५५ म्हणजे मालकाला सर्व मुभा, बाकीच्यांनी फक्त बघायचे. प्रोग्रामर फाइली स्वतःच्या नावाने चढवतो, पण वेबसर्व्हर चालतो वेगळ्याच नावाने. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात ते नाव ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’. तो पडला ‘इतर’, त्यामुळे विद्यार्थ्याचा दाखला त्याला लिहिताच येत नाही. प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर सगळे एकाच नावाने चालते, म्हणून तिथे हा दोष दिसत नाही. कालपर्यंत चालणारे पोर्टल अपडेटनंतर अडते तेही बरेचदा यामुळेच : नवा फोल्डर येतो, मालकी बदलते.

मला खरी धास्ती पुढच्या उपायाची. शेवटची तारीख डोक्यावर, वरून फोन. मग कोणीतरी ७७७, म्हणजे सगळ्यांना सर्व मुभा, ठोकतो आणि अपलोड सुरू होते. सगळे खूश. पण आता त्या मशीनवरचा कुठलाही प्रोग्राम पोरांचे दाखले बदलू शकतो, पुसू शकतो. त्यात फोल्डर वेबसाइटच्या आतच असेल आणि फाइलचा प्रकार तपासला जात नसेल, तर दाखल्याच्या जागी पीएचपी फाइल चढवणाऱ्याच्या हाती अख्खे पोर्टल जाते. नीट काम याहून फार अवघड नाही. तेवढ्या एका फोल्डरची मालकी वेबसर्व्हरला द्या, परवानगी ७५० (‘इतरां’ना काहीच नाही) ठेवा, फोल्डर वेबसाइटच्या बाहेर हलवा, म्हणजे अपडेटमध्ये त्याला धक्का लागत नाही. रेड हॅट या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारात एसई-लिनक्स या जादा सुरक्षा पहाऱ्याचे लेबलही फोल्डरला द्यावे लागते. ते न देता एसई-लिनक्सच बंद करणारे महाभाग आहेत!

बिलावर सही करणाऱ्या अधिकाऱ्यांना विनंती, की प्रत्येक अपडेटनंतर खऱ्या सर्व्हरवर एक दाखला स्वतः चढवून पाहावा आणि अपलोड फोल्डरची परवानगी समोर उघडून दाखवायला सांगावी. तिथे ७७७ दिसले तर बिल थांबवावे.

आणि ज्यांचे अर्ज राहिले त्यांना ‘तुमच्याकडे पुरावा काय’ असे विचारू नये. परवानगीमुळे फाइल अडली असेल, तर सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये (चुकांच्या नोंदवहीत) सहसा ‘परमिशन डिनाइड’ अशी नोंद वेळेसकट पडते. मात्र उबुंटूवर अपाची या वेबसर्व्हरचे लॉग मूळ सेटिंगप्रमाणे १४ दिवसच राहतात. तेव्हा पालकांनी मुदतवाढीच्या अर्जातच लॉग जपून ठेवण्याची लेखी मागणी करावी, आणि ती याच आठवड्यात.

— एक वाचक, महाल, नागपूर