मिस्त्री मामा, तुमचे आभार मानायचे राहूनच गेले

मामा, नमस्कार. काम संपलं त्या दिवशी तुम्ही चहा घेतला, थापी-घमेलं गाडीला बांधलं आणि निघालात, मला धड थँक्यू म्हणता आलं नाही. ते आज इथं सगळ्यांसमोर म्हणतोय.

आमचं कोल्हापुरातलं, दुधाळीतलं घर बाबांनी १९८८ ला बांधलेलं. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पंचगंगेचं पाणी अंगणात आलं आणि त्यानंतर पुढचा कोबा एका बाजूनं खचत गेला, त्याच कडेला ठेच लागून आई पडली (हाड मोडलं नाही, अंबाबाईची कृपा). पोर्चच्या स्लॅबचे पोपडे तर कधीपासूनच निघत होते, पण एक दिवस तळहाताएवढा तुकडा गाडीच्या सीटवर पडला आणि वर बघतो तर गंजलेली सळई उघडी. तुमच्याआधी दोघं बघून गेले, एक म्हणाला सगळं पाडून नवीन करा, दुसरा म्हणाला गिलावा मारून देतो, दोन दिवसांचं काम. आम्हाला त्यातलं काय कळतंय, गिलाव्याला हो म्हणायच्या बेतात होतो.

तुम्ही आलात आणि आधी काही बोललाच नाही. कोब्यावर वाकून हातोडीनं हातभर अंतरावर ठोकत गेलात, सगळीकडं टणटण आणि गच्चीच्या पाइपजवळ आल्यावर एकदम भदभद आवाज. तिथं खडूनं गोल केला आणि हातोडी माझ्या हातात देऊन म्हणालात, "आता तू ठोकून बघ." खालचा भराव वाहून गेला होता, कोबा नुसता अधांतरी. आम्ही इतकी वर्षं पुराला दोष देत होतो, पण गच्चीचं सगळं पाणी दर पावसाळ्यात तिथंच मुरत होतं. त्यात खाली आपली काळी माती, भिजली की फुगणार, वाळली की आकसणार. "पाण्याला आधी वाट करून द्या, सिमेंटचं मग बघू." मामा, हे वाक्य मी आता सगळ्यांना सांगतो.

पोर्चचं तर तुम्ही शाळेत शिकवल्यासारखं सांगितलंत, की चांगलं काँक्रीट सळईला गंजू देत नाही पण वर्षानुवर्षं हवा आणि ओल आत शिरली की ते राखण सुटतं, आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो म्हणून आतूनच ढकलून पोपडा पाडतो, वरनं कितीही गिलावा मारा तो पुन्हा पडणारच. आधी टेकू लावलेत. मग सळईच्या मागंपर्यंत फोडून, तारेच्या ब्रशनं घासून घासून लोखंड चमकायला लागल्यावरच गंजरोधक लावलंत. दोन सळया निम्म्या खाल्लेल्या निघाल्या तेव्हा काम तिथंच थांबवून म्हणालात, "हे माझ्या एकट्याच्या अंदाजावर नको, इंजिनिअरला दाखवा." स्वतःची मजुरी बुडत असताना असं कोण सांगतं हो?

नवीन कोब्याला मीटरला एक सेंटिमीटर ढाळ दिलात, मधे जोड कापलेत, सलग टाकला तर तो वाटेल तिथं फुटतो म्हणून. पोरगा काँक्रीट सैल करायला पाण्याची बादली ओतायला लागला तर त्याचा हात धरलात. आणि दहा दिवस गोणपाट ओलं ठेवायला लावलंत, सकाळी सातला फोन करून विचारायचात, "पाणी मारलं का?" आई तर तुमच्या फोनच्या आधीच पाइप घेऊन उभी असायची.

भिंतीतल्या भेगेच्या दोन्ही टोकांना तुम्ही पेन्सिलनं रेघ मारून तारीख लिहिली होती, रंगाऱ्याला ती पुसू दिली नाही. सगळा पावसाळा गेला मामा, भेग रेघेच्या पुढं गेलेली नाही. एकदा येऊन बघून जा, आई वाट बघतीय.